तुम्ही विचारलंत म्हणून: एका संध्याकाळची गाडी, चौदा महिन्यांचं किट

प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेक वेळा विचारणारं कुणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं असतं आणि प्रश्न अगदी मनापासून असतो. "दादा, काळ्या रेषेवरून चालणारी ही गाडी मी एका संध्याकाळी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग नुसते खोचायच्या पाटीवर, केली होती. तुम्हाला तिचं किट करायला चौदा महिने का लागले?" परवा गर्दी होती, मी "टेस्टिंगला वेळ जातो" एवढं म्हणून मोकळा झालो. नंतर ते मनाला लागून राहिलं, कारण उत्तर त्याहून बरंच मोठं आहे.

आम्ही पाच जण आहोत, पुण्यात धायरीला एक गाळा आहे. शाळेतल्या मुलांनी स्वतः सोल्डर करून जोडायची किट आम्ही बनवतो. गाडीचं पहिलं सर्किट माझंही एका संध्याकाळीच झालं होतं. खाली तोंड करून लावलेले, डोळ्याला न दिसणारा उजेड टाकणारे दोन इन्फ्रारेड एलईडी, शेजारी तो उजेड ओळखणारे दोन फोटोडायोड, त्यांचा सिग्नल तपासायला एलएम३५८ ही चिप, मोटरी चालवायला एल२९३डी चिप, दोन पिवळ्या गिअरवाल्या बीओ मोटरी आणि चार पेन्सिल सेल. पांढऱ्यावरून किरण परत येतात, काळ्यावरून येत नाहीत. ज्या बाजूचा फोटोडायोड रेषेवर जाईल त्या बाजूची मोटर थांबते आणि गाडी वळते. रात्री साडेनऊला ती फरशीवर चिकटवलेल्या टेपवरून गोल फिरत होती. पण ती माझ्या फरशीवर, माझ्या ट्यूबलाइटखाली, माझ्या टेपवरून फिरत होती. सेन्सर किती उजेडाला दाद देईल ते ठरवणारा स्क्रू, प्रीसेट, मी फिरवला होता, वायर सुटली तर खोचायला मीच बसलो होतो. किट विकलं की यातलं काहीच त्याच्यासोबत जात नाही.

पहिले दहा नग आम्ही कोकणातल्या एका शाळेला वापरून बघायला दिले. आठवड्याने तिथल्या सरांचा फोन आला. मुलांनी गाड्या नीट जोडल्या होत्या, चाकं फिरत होती, पण गाडी रेष ओलांडून सरळ निघून जात होती. कधी चालायची, कधी नाही. मी गेलो. वर्गात आतल्या बाजूला गाडी ठीक चालली. व्हरांड्यात, जिथे अकराचं ऊन फरशीवर पडलं होतं, तिथे पोचताच ती रेष विसरली. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं, ट्यूबलाइटमध्ये नगण्य. उन्हात फोटोडायोडला सगळीकडे पांढरंच दिसत होतं. मी संध्याकाळी काम करतो, म्हणून हे मला कधी दिसलंच नव्हतं.

कारण सापडलं असं वाटून मी परत निघणार, तेवढ्यात एका मुलीने तिची गाडी दाखवली. ती सावलीतही चालत नव्हती. तिने घरून चार्टपेपरवर स्केचपेनने जाड, सुंदर वळणांची रेष काढून आणली होती, टेपहून किती तरी सुबक. तो कागद मी मागून पुण्याला आणला. गाळ्यात दारावर लावलेला एक स्वस्त कॅमेरा आहे, तो अंधारात इन्फ्रारेडच्या उजेडावर बघतो. दिवे बंद करून कागद त्याच्यासमोर धरला आणि स्क्रीनवर कोरा कागद दिसला. रेष नव्हतीच. डोळ्याला काळी दिसणारी ती शाई इन्फ्रारेडला काळी नव्हती. टेपमध्ये काजळी असते, ती किरण शोषून घेते. म्हणजे लक्षण एक आणि कारणं दोन. हे वेगळं करायला तीन आठवडे गेले आणि मला ते तीन आठवडे या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटतात. आता प्रत्येक फोटोडायोडवर काळ्या स्लीव्हचा, म्हणजे बारीक नळीचा, तुकडा चढतो, सेन्सरची पट्टी जमिनीपासून आठ मिलिमीटरवर बसते आणि डब्यात काळ्या टेपचं एक रीळ असतं.

पुढची गोष्ट सेलची. शाळा रीचार्ज होणारे सेल वापरतात आणि ते योग्यच आहे. पण साधा सेल दीड व्होल्टचा, हा सव्वालाही थोडा कमी. चार सेलचे ४.८ व्होल्ट. एल२९३डी जुन्या पद्धतीची चिप आहे, मोटरपर्यंत पोचेपर्यंत दोन-अडीच व्होल्ट स्वतःच खाते. उरलेल्यावर गाडी रांगते. मॉसफेट या वेगळ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या नव्या ड्रायव्हर चिप जवळजवळ काही खात नाहीत, म्हणून "डीआरव्ही८८३३ घाला ना" असा सल्ला आम्हाला खूप जणांनी दिला. ती चिप फक्त पृष्ठभागावर चिकटणाऱ्या बारीक पायांत मिळते. सातवीतल्या मुलाच्या हातातल्या पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने ती लागत नाही. आम्ही लावून दिली तरी जळल्यावर त्याला ती बदलता येणार नाही. एल२९३डी सॉकेटमध्ये बसते. जळली तर चिमट्याने उचकटून दुसरी बसवता येते, आणि ती जळतेच, मुलं मोटरचं चाक धरून ठेवतात. यावर आमच्यात महिनाभर वाद झाला. मी एल२९३डीच्या बाजूने होतो, आजही आहे.

मग सेल चाराचे सहा केले. साधे सेल घातले तर सहा म्हणजे नऊ व्होल्ट. त्या चिपच्या लॉजिकच्या पायाला सातच्या वर चालत नाही, म्हणून व्होल्ट पाचावर आणणारा ७८०५ आला. तो आला म्हणून बोर्ड नव्याने आखला. सहा सेलचा होल्डर अॅक्रिलिकच्या चासिसवर मावेना, म्हणून चासिस लांबवली. ती लांबली म्हणून ठरवलेला डबा पुरेना. वजन वाढलं म्हणून पुढचं फिरतं चाक बदललं, ते थोडं उंच निघालं, आणि सेन्सरचे ते आठ मिलिमीटर अकरा झाले. बोर्ड आखून बनवून मागवायची एक फेरी म्हणजे आमच्यासारख्या छोट्या गिऱ्हाइकाला दोन-अडीच आठवडे. अशा पाच फेऱ्या झाल्या. त्यातली एक निव्वळ भोकांसाठी गेली. वायर जोडायच्या हेडरची पिन ०.६४ मिलिमीटर चौकोनी असते, मी ०.८ चं भोक धरलं होतं. चौकोनाचा कर्ण ०.९ भरतो, पिन शिरलीच नाही.

तीनशेची पहिली बॅच पॅक होत होती तेव्हा बझरचा आवाज मेल्यासारखा येऊ लागला. सॅम्पलच्या दहाही बोर्डांवर तो खणखणीत होता. सर्किट तेच, बझर तोच. दोन दिवस मी बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक तपासत बसलो. शेवटी बझर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरवरचं बारीक अक्षर भिंगाखाली धरलं. सॅम्पलच्या वेळी पीएन२२२२ए होता, आता आलेला पी२एन२२२२ए. दुकानात दोन्ही "प्लास्टिकचा बावीस-बावीस" म्हणूनच मिळतात, पण चपटी बाजू समोर धरली तर एकाचे पाय एमिटर, बेस, कलेक्टर आणि दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पुरता मरत नाही, थोडं काम करतो, म्हणूनच तो सापडायला कठीण. दुकानदाराला दोष नाही, ऑर्डरमध्ये पूर्ण नंबर आम्ही लिहिला नव्हता. तीनशे पाकिटं फोडली. पॅकिंगच्या ताईंनी तीन दिवस बसून प्रत्येकातला ट्रान्झिस्टर बदलला, आणि त्याच दिवसांत त्यांनी एक गोष्ट सुचवली जी मला सुचली नव्हती. निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात. एक के (हजार ओहम) आणि दहा के यांत फरक फक्त चौथ्या पट्ट्याचा, तपकिरी की लाल. निळ्यावर, संध्याकाळच्या दिव्यात, ते दोन रंग त्यांनाही ओळखू येत नव्हते. "मग पोरांना कसे यावेत?" आता एक के वेगळ्या पुडीत जातात, पुडीवर आकडा लिहिलेला असतो, आणि पाकीट बंद करण्याआधी ताई ते सोनाराच्या काट्यावर ठेवतात. एक रेझिस्टर कमी असला तरी काटा सांगतो.

त्या मुलीला तिचा कागद परत पाठवला, सोबत टेपचं रीळ. तिच्या सरांनी नंतर व्हिडिओ पाठवला. टेप वळवता येत नाही म्हणून तिने टेपचे बारीक तुकडे कापून तीच वळणं बसवली होती, आणि शेवटच्या वळणावर गाडी रेष सोडते आहे. ते वळण आमच्या गाडीला फारच आवळ आहे. दोन सेन्सरमधलं अंतर थोडं कमी केलं तर जमेल असं वाटतं. नवं बोर्ड गुरुवारी येईल, रविवारी अकराच्या उन्हात गच्चीवर तिचाच आराखडा चिकटवून बघणार आहे.