शंभर टक्के वसुली

त्या दिवशी साडेदहालाच माझी वसुली शंभर टक्के झाली होती. कर्जदार बायकांच्या केंद्र बैठकीत पाच-पाच जणींचे, एकमेकींच्या हप्त्यांची हमी घेतलेले सहा गट, तीस पासबुकं, तीसही हप्ते हातात. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या आमच्या संस्थेत मी नवा होतो, त्यामुळे असा आकडा कळवताना छाती फुगायची.

पैसे मोजून झाल्यावर लक्षात आलं, तिसऱ्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताई आल्याच नाहीत. हप्ता मात्र जमा.

"आम्ही चौघींनी भरला," गटप्रमुख म्हणाल्या. "हा चौथा."

मागच्या तिन्ही आठवड्यांत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण मीच केली होती. पैसे कुणी दिले, हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

बैठक आटोपून त्यांच्या घरी गेलो. शिलाई मशीनचं नुसतं टेबल उभं होतं. फळीत मोकळा चौकोन, खाली चाकावरून लोंबणारा पट्टा. मशीन गटातल्या एकीने उचलून नेलं होतं, पैसे फिटेपर्यंत. आणि आमच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत काय, तर 'विनातारण कर्ज'!

गणवेशांची मोठी ऑर्डर त्यांनी वेळेत दिली होती, पैसे अडकले होते. आमचा हप्ता मात्र दर आठवड्याला. आता मशीनच नाही, तर भरणार कुठून?

मशीन नेणाऱ्या बाईंवर चिडायचं ठरवूनच गेलो. त्या म्हणाल्या, "सर, तिचे हप्ते भरता भरता माझ्या दुकानात माल भरायला पैसे उरले नाहीत." यावर काय बोलणार?

कार्यालयात मी चारही हप्ते थकीत दाखवा, चौघींचे पैसे त्यांच्याच पुढच्या हप्त्यांत वळते करा आणि ताईंची मुदत वाढवा, असं मांडलं. "शिस्त मोडेल," साहेब म्हणाले. ज्या बांगलादेशी ग्रामीण बँकेचा दाखला ते कायम देत, तिनेच 2002पर्यंत अडलेल्या कर्जदारांसाठी लांब मुदतीच्या, छोट्या हप्त्यांच्या 'फ्लेक्झी लोन'ची सोय केली होती. मी तेवढंच पुढे केलं. वाद बराच झाला. मंजुरीला दोन आठवडे लागले आणि माझा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला, तोही जरा लागलाच.

मशीन परत आलं, तेव्हा मी तिथेच होतो. नेणाऱ्या बाईंनीच एका बाजूने धरून ते फळीत बसवलं. पट्टा चढवला, पाय मारला. सुई वाकली होती. त्या बाई न बोलता उठल्या आणि दुकानातून नवी घेऊन आल्या.