सासूबाईंच्या पाटल्या

झवेरी बाजारातल्या एका टंच केंद्रात, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासतात तिथे, मी अकरा वर्षं काम करते. मुंबादेवीच्या देवळापासून चार मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर छोटीशी खोली. क्ष-किरणांनी शुद्धता मोजणारं एक एक्सआरएफ मशीन, दोन काटे, एक कानस. दिवसभर कारागीर आणि दलाल येतात, दागिने ठेवतात, चिठ्ठी घेऊन जातात. घरगुती माणसं क्वचितच येतात. म्हणून लालबागच्या त्या मायलेकी लक्षात राहिल्या.

मावशींनी रुमालाची गाठ सोडून दोन पाटल्या पुढे ठेवल्या. सासूबाईंच्या, घरच्या सोनाराने घडवलेल्या. मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. पाटल्या मोडायच्या आणि मंगळसूत्र, बांगड्या करायच्या, असं ठरलं होतं.

मशीनने 91.2 टक्के दाखवलं, म्हणजे जवळपास 22 कॅरट. मुलगी खूश झाली. मला मात्र रंग पटेना. विचारलं तेव्हा कळलं, गेल्याच आठवड्यात उजाळा देऊन वर सोन्याचं पाणी दिलंय. मशीनचे किरण वरचा काही मायक्रॉनचा पापुद्राच वाचतात, आतल्या सोन्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून पाटल्या पाण्यात तोलल्या. दोन्ही मिळून 40 ग्रॅम; 22 कॅरट असत्या तर पाण्यात वजन साधारण सव्वादोन ग्रॅमने उतरलं असतं. उतरलं अडीचने. म्हणजे आत सोन्याहून हलकं तांबं-चांदी जास्त.

"मावशी, आतल्या कडेला थोडी कानस लावू का?"

त्यांनी मान हलवली. घासलेल्या जागेवर आकडा आला 77.9. जेमतेम पावणेएकोणीस कॅरट. 22 कॅरटच्या हिशेबाने शुद्ध सोनं साडेछत्तीस ग्रॅमच्या वर हवं होतं, भरलं एकतीस. हे सांगताना माझाच आवाज उतरला. अकरा वर्षांत याची सवय झालेली नाही, आणि होऊही नये असं मला वाटतं.

मुलगी सोनाराला बोल लावू लागली. मावशी मात्र गप्प. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे बदलल्याच."

82 च्या गिरणी संपात त्यांच्या यजमानांनी या पाटल्या सावकाराकडे ठेवल्या होत्या. चार वर्षांनी सोडवून आणल्या. आणल्या त्या दिवसापासून मावशींच्या मनात एकच किल्मिष: या त्याच की दुसऱ्या? नवऱ्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना किती लागलं असतं, हे मावशींना ठाऊक होतं.

मी भिंग घेतलं. पाटलीच्या आत, सांध्याजवळ, झिजलेला शिक्का होता आणि शेजारी टाचणीने कोरल्यासारखं एक अक्षर. "सासूबाईंचं नाव काय हो?"

"गंगूबाई."

भिंग त्यांच्या हातात दिलं. 'गं' होता, अनुस्वारासकट. दुसऱ्या पाटलीवरही तोच. बराच वेळ त्या बघत राहिल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. पाच ग्रॅम कमी भरल्याचं दुःख त्या चेहऱ्यावर मला कुठेच दिसलं नाही.

मोडायचा बेत तिथेच बारगळला. मग लग्नाचं काय? हा प्रश्न मुलीचा, आणि रास्त. तोळ्याचा भाव लाखावर गेलेला. मी तिला म्हटलं, रोजच्या मंगळसूत्राला 18 कॅरट घे. आठ ग्रॅममध्ये शुद्ध सोनं सहा ग्रॅम असतं, 22 मध्ये सव्वासातच्या वर. तेवढी किंमत कमी पडते, शिवाय 18 चं सोनं कडक, बारीक साखळी लवकर ताणत नाही. फक्त पैसे 18 च्याच भावाने मोजायचे. घडणावळ वेगळी लिहून मागायची. आणि मोडीला, म्हणजे पुढे परत विकताना, काय धरणार, हे घेतानाच विचारायचं.

"18 च आहे हे कळणार कसं?" तिने विचारलं. आजीच्या वेळी सोनाराच्या शब्दावर भागायचं. आता दागिन्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह, 18के750 हा शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, लागतो. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तिच्या बोटातल्या नव्या अंगठीवरचा क्रमांक आम्ही बीआयएस केअर ॲपवर टाकला. शुद्धता आली, दागिन्याचा प्रकारही आला. तिने तो स्क्रीन आईला दाखवला.

स्वागत समारंभाला तिला भरघोस हार हवा होता. 'एक ग्रॅम'चा सेट ती बघून आली होती. तो जरूर घाल, म्हटलं, पण ते तांब्या-पितळेवरचं पाणी आहे. मोडीला शून्य, हे धरूनच घे. जमत असेल तर चांदीवर मुलामा दिलेला हार घे, चांदीची किंमत तरी हाती राहते.

मी चिठ्ठीवर 77.9 लिहून सही केली. मावशींनी ती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. पाटल्या मात्र रुमालात परत गेल्या नाहीत. साबणाचं पाणी मागून त्यांनी एकेक हातात चढवली. डावी अडकली, ती मुलीने सरकवून दिली.

जिन्यापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या आणि मुलीला म्हणाल्या, "घरी गेल्यावर बाबांना ते भिंगातलं अक्षर तू सांग. मला बोलता यायचं नाही."