एकच आकडा सांगा ना

‘खाली गॅस किती उरलाय? एकच आकडा सांगा ना.’ मी नैसर्गिक वायूच्या साठ्यांची मॉडेलं बनवतो म्हटलं की पुढचा प्रश्न बहुधा हाच येतो. घरचे सहज विचारतात, पैसे लावणारे मात्र आवाज थोडा चढवून, कारण मी दर वेळी तीन आकडे पुढे करतो: कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमिनीखाली वायूचं तळं नसतं. असतो तो खडक, आणि त्याच्या कणाकणांमधल्या फटींत कोंडलेला वायू. विहीर खोदताना कापून वर काढलेला खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, हातात घेतला की बोटांना वाळू लागते. त्यावर पाण्याचा थेंब सोडा, बघता बघता जिरतो. त्याच कोअरमध्ये मध्येच चिकणमातीची एखादी काळपट रेघ दिसते. तिथे थेंब तसाच बसून राहतो.

माझी अर्धी नोकरी त्या रेघेपायी गेली आहे. आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 साली वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून प्रवाहाचा नियम मांडला, आणि खडकातून द्रव-वायू किती सहज वाहतो याचं माप आजही डार्सीतच सांगतात. समजा, एक मीटर जाडीच्या थरात 98 सेंटीमीटर वाळू आहे 100 मिलिडार्सीची (मिलिडार्सी म्हणजे डार्सीचा हजारावा भाग), आणि 2 सेंटीमीटर चिकणमाती आहे 0.01 मिलिडार्सीची. वायू आडवा वाहत असेल तर या थराची सरासरी येते 98. उभा वाहत असेल तर जेमतेम 0.5. खडक तोच, पण दिशा बदलली की जवळजवळ दोनशे पटींचा फरक. मॉडेलमध्ये साठा चौकोनांत विभागलेला असतो, आणि माझा एक चौकोन मात्र 50 मीटर लांब-रुंद असतो. ती रेघ चौकोनभर पसरली आहे की दोन पावलांवर संपते, हे कोअर सांगत नाही. सिस्मिकच्या, म्हणजे जमिनीत लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून काढलेल्या, चित्रात इतकी बारीक गोष्ट दिसतच नाही. मग आम्ही शक्यतांची पन्नास-शंभर चित्रं काढतो आणि प्रत्येकातून वायू वाहवून बघतो. तीन आकडे तिथून येतात.

‘पण मॉडेल मागच्या उत्पादनाशी जुळतं ना?’ जुळतं. त्यानेच एकदा माझा घात केला होता. जुळवून बघायची एक पद्धत अशी: साठ्यातला दाब मोजायचा, त्याला वायूच्या आदर्श नियमापासूनच्या विचलनाचा गुणक z याने भागायचं, आणि येणारा आकडा तोवर काढलेल्या वायूसमोर मांडायचा. बंदिस्त साठ्यात हे ठिपके सरळ रेषेत पडतात. रेषा शून्यापर्यंत वाढवली की एकूण साठा हातात येतो. चार वर्षांचे ठिपके पट्टी लावल्यासारखे पडले होते. मी रेषा वाढवली, आकडा दिला, शाबासकीही घेतली. पाचव्या वर्षी विहिरीतून पाणी यायला लागलं.

झालं होतं असं की खालून पाणी सरकत वर येत होतं आणि दाब सावरून धरत होतं. त्यामुळे दाब हळू उतरत होता आणि मी तो मोठ्या साठ्याचा पुरावा समजलो. वर आणखी एक दुखणं: पाणी सगळा वायू पुढे ढकलत नाही, फटींमध्ये बुडबुडे अडकवून पुढे जातं. पाव ते तिसरा हिस्सा वायू असा मागे राहू शकतो. दाब नुसता उतरू दिला असता तर यातला बराचसा मिळाला असता.

खाली असणं आणि हाती येणं यातला फरक नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने तर फार महागात शिकवला. 1959 साली सापडलेला हा जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. वायू काढत गेले तसा दाब उतरला, वालुकाश्म वरच्या भाराने दबत गेला आणि जुने फॉल्ट, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगा, सरकू लागले. 16 ऑगस्ट 2012 ला हाउझिंगे गावाजवळ 3.6 तीव्रतेचा भूकंप झाला. घरांना तडे गेले, लोक संतापले, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून उत्पादन थांबलं. खाली वायू अजून भरपूर आहे. तो ‘उरलाय’ म्हणायचा का?

सध्या माझ्याकडे एका साठ्याची दोन मॉडेलं आहेत. एकात मधला फॉल्ट वायू अडवतो, दुसऱ्यात झिरपू देतो. मागच्या सहा वर्षांशी दोन्ही जुळतात, पुढच्या सहा वर्षांत मात्र पार फाटतात. विहीर बंद ठेवून दाब कसा चढतो ते पाहणं, एवढाच इलाज मला सुचला. अडवणारा फॉल्ट जवळ असेल तर दाबाच्या आलेखातल्या रेषेचा चढ काही काळाने दुप्पट होतो. मी दहा दिवस मागितले होते. उत्पादन बुडतं म्हणून चार मिळाले. चौथ्या दिवशी दुपारी रेषा नुकती वर वळायला लागली होती, दुप्पट झाली नव्हती, तेवढ्यात विहीर सुरू करण्याचा निरोप आला.