तोंड मिटून

रविवारी दुपारी दोन-अडीचच्या सुमारास मी गॅलरीत बसून हेल्मेटची काच पुसतो. हे काम जेवणाआधीच उरकावं लागतं, कारण जेवल्यावर झोप येते आणि संध्याकाळपर्यंत किडे वाळून कडक होतात. नखाने खरवडले तर काचेवर चरे पडतात, आणि मग समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या दिव्याला त्या चऱ्यांतून शेपट्या फुटतात. म्हणून जुना बनियन ओला करायचा, काचेवर पसरायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. बनियन सुतीच हवा. बायको म्हणते, एवढ्या मायेने कधी गॅसची शेगडी पुसली असतीस तर.

काचेवरून कुठे जाऊन आलो ते सांगता येतं. पावसाळ्यात तिच्यावर ट्रकच्या मागचा चिखल असतो, उन्हाळ्यात नुसती धूळ. किड्यांचे खरे दिवस ऑक्टोबरचे. भोरच्या पुढे भात कापणीला आलेलं असतं, इंद्रायणीचा वास काचेच्या फटीतून आत येतो आणि खाचरांतून उडालेले तुडतुडे ठाप ठाप बाहेरून आदळतात. एकेकाचा हिरवा ठिपका, एकेकाचा पिवळा फराटा. आज एक चांगला दणकट गडी आहे, बरोबर डोळ्यासमोर. त्याचा एक पाय वेगळा होऊन चिकटलाय.

आम्ही नऊ-दहा जण आहोत. क्लब वगैरे काही नाही, जॅकेटवर गरुड नाहीत, कवट्या नाहीत. महिन्यातून दोनदा रविवारी सकाळी सहाला कात्रजला भेटायचं ठरतं आणि साडेसहाला आम्ही निघतो. कधी वाईवरून पसरणीचा घाट, कधी मुळशीवरून ताम्हिणी, पण पाय आपोआप वळतात ते कपूरहोळला उजवीकडे, भोरच्या रस्त्याला. दुपारी जेवायला घरी. मुक्कामी जाणारे लोक वेगळे, त्यांच्या गाड्यांना पेट्या असतात.

आमच्यात कुणाला कुणाचं आडनाव नीट माहीत नाही. फोनमध्ये सगळे गाडीच्या नावाने आहेत. बुलेट दोन झाल्या तेव्हा एक बुलेट कोथरूड झाली आणि दुसरी बुलेट हडपसर. पल्सरने तीन वर्षांपूर्वी पल्सर विकून केटीएम घेतली, तरी तो पल्सरच आहे आणि पल्सरच राहील. सगळ्यात ज्येष्ठ स्प्लेंडरकाका. बँकेतून निवृत्त झालेत. 97 सीसीची गाडी, साडीगार्डसकट. साडीगार्ड का काढला नाही असं एकदा बुलेट कोथरूडने विचारलं होतं. काका म्हणाले, असू दे, बसलेला आहे. अख्ख्या ताफ्याचा वेग स्प्लेंडरचा असतो, आणि याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. निदान कात्रजला तरी नाही.

मी शेवटी असतो. त्याला स्वीप म्हणतात म्हणे. मला ती जागा आवडते, कारण मागे कुणी नसतं आणि पुढचे सगळे दिसतात. दिसतात म्हणजे पाठी दिसतात. मला वाटतं या माणसांच्या पाठी मी त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखतो. पल्सर घाटात खांदे वर घेतो. बुलेट हडपसरला मणक्याचं काहीतरी आहे, तो दर पंधरा मिनिटांनी फूटरेस्टवर उभा राहतो. काका सरळ. खुर्चीत बसल्यासारखे सरळ.

आणि हात. उजव्या हाताला ॲक्सिलरेटर सोडता येत नाही, त्यामुळे सगळं बोलणं डाव्या हाताच्या गळ्यात पडलंय. एक बोट वर केलं की एकामागे एक व्हा. तळवा खाली हलवला की हळू. मूठ वर, थांबा. डोक्यावर थापटलं की पुढे पोलीस आहेत. (पुण्याच्या हद्दीत या खुणेमागे हेल्मेटचा मोठा इतिहास आहे, तो इथे काढत नाही.) बोटं उघडझाप केली की शहाण्या, तुझा इंडिकेटर मघापासून चालू आहे. ही खूण सगळ्यात जास्त मला होते. खड्ड्यांसाठी मात्र पाय. डावा पाय बाहेर निघाला की खड्डा डावीकडे, उजवा निघाला की उजवीकडे. पुढचा पाय काढतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा, असं करत खड्ड्याची बातमी माझ्यापर्यंत येते. एका पावसाळ्यानंतर भोरच्या पुढे दोन्ही पाय एकदम काढावे लागतील अशी परिस्थिती होती. त्याचा अर्थ काय लावायचा ते अजून ठरलेलं नाही.

तर एवढी चांगली भाषा असताना पल्सरने दसऱ्याला इंटरकॉम घेतला. हेल्मेटच्या आत स्पीकर, ओठांपाशी माइक, ब्लूटूथने सगळी हेल्मेटं जोडलेली. एक संच मला लावून दिला, बघा तर खरं म्हणून. खेड-शिवापूरपासून तो माझ्या कानात बोलत होता. आधी टायर, मग त्याच्या सोसायटीतलं पार्किंग, मग मेहुण्याचं लग्न. नेकलेस पॉइंटला नीरा कमरेत वाकून वळते ना, ते वळण आलं आणि गेलं. पल्सर म्हणाला, आवाज क्लिअर येतोय ना? मी म्हटलं येतोय. भोरला चहाला थांबल्यावर संच काढून दिला. डोकं दुखतं म्हणालो.

माणसाला बोलायचं असेल तर त्याने मोटारीत बसावं, असं माझं मत आहे. एसी लावावा, काचा वर कराव्यात आणि पोटभर बोलावं. मोटरसायकलवर तोंड मिटून बसायचं असतं. हे माझं मत नाही खरं तर, मामाचं आहे.

मामा पशुवैद्यकीय दवाखान्यात पट्टीबंधक होता. वडूजच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लोक त्याला डॉक्टरच म्हणायचे, आणि तो ते दुरुस्त करायचा नाही. त्याच्याकडे राजदूत होती, कुणाकडून तरी घेतलेली, म्हणजे आमच्या हाती आली तेव्हाच म्हातारी. ही गाडी मूळची पोलंडची, एसएचएल नावाच्या गाडीच्या बेतावर एस्कॉर्ट्सने ती 1960 च्या दशकात इथे बनवायला घेतली, हे मला फार उशिरा कळलं. मामाला कुणी सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचं, निळा धूर काढायचा आणि चार दिवसांनी प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, हे सगळं पोलंडातले लोक कशाला करतील?

मे महिन्याच्या सुट्टीत माझी जागा टाकीवर. टाकी तापायची, म्हणून मामा तिच्यावर टॉवेलची घडी टाकायचा. हँडलच्या मधल्या दांडीला दोन हात, मांड्यांना दोन्ही बाजूंनी टाकीचा गारेगार नव्हे, चांगला भाजणारा पत्रा, आणि पाठीला मामाचं पोट. हँडलला औषधांची पिशवी. तिच्यातून फिनेलचा आणि कसल्याशा मलमाचा वास यायचा, तो वास आला की मला अजून वेगात गेल्यासारखं वाटतं.

निघताना मामा एकच वाक्य बोलायचा. "त्वांड मीट रं. किडं जात्यात."

त्यानंतर काही नाही. पाच मैल, सात मैल, जिथे जायचं तिथवर. घरात मामा बोलका होता अशातला भाग नाही, पण गाडीवर तो अजिबात बोलायचा नाही, आणि मलाही बोलता यायचं नाही. बोलायचं असेल तर हनुवटी होती. समोरून एसटी येताना दिसली की मामा माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवायचा. टेकली की डोळे मिटायचे. मग एसटीचा आवाज, मागून तिची धूळ, ती दाताखाली कचकचायची, आणि टाळूवर मामाच्या दोन दिवसांच्या दाढीचे खुंट. हनुवटी उचलली की उघडायचे. धूळ खाली बसली की नाही हे मी कधी स्वतः बघितलं नाही.

वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची संध्याकाळ मात्र वाईट. वाळवीचे पंखवाले किडे ढगासारखे उठायचे. गाडीचा दिवा असा की ॲक्सिलरेटर दिला तर उजेड, हळू केली तर पिवळा मिणमिणाट. म्हणजे वळणावर, जिथे बघायची गरज, तिथेच अंधार. मामा वळणाच्या अलीकडे जोरात रेस करायचा, उजेडात वळण पाठ करून घ्यायचा आणि मग अंधारात ते घ्यायचा. मी तोंड मिटून. ओठांवर पंख चिकटायचे ते उतरल्यावर बाहीला पुसायचे.

नऊ वर्षांचा असेन. सुट्टी संपली, मामा मला वडूजच्या स्टँडवर सोडायला निघाला. साताऱ्याला वडील उतरवून घेणार होते. आजीने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिलेला, तो पोटाशी धरून मी टाकीवर. सकाळची वेळ, एक एसटी समोरून आली नाही, एक किडा उडत नव्हता. मी सगळा रस्ता रडलो. आवाज न करता रडलो, तोंड मिटायचंच होतं. मामाला माझं तोंड दिसत नव्हतं, त्याला माझं डोकं तेवढं दिसत होतं. स्टँडवर त्याने मला उचलून खाली ठेवलं, बघितलं आणि विचारलं, "किडा गेला का रं?"

मी म्हटलं, "हां."

मामाने टाकीवरचा टॉवेल काढला, पाणपोईच्या रांजणावर त्याचं टोक भिजवून आणलं आणि माझे डोळे पुसले. दोन्ही. मग कंडक्टरला सांगून मला पुढच्या सीटवर बसवलं आणि किक मारून गेला. मागे वळून बघायची त्याची पद्धत नव्हती.

हे सगळं कशावरून आलं? इंटरकॉम. हां.

आज वरंध्याला गेलो होतो. पावसाळ्यात दरड कोसळते म्हणून हा घाट बंद करतात, त्यामुळे सुरू झाला की पहिल्या-दुसऱ्या रविवारी आमची हजेरी लागतेच. नीरा-देवघरचं पाणी अगदी काठोकाठ, कडेला वाळत आलेलं गवत, त्यात उरलीसुरली सोनकी. वाघजाईच्या देवळापाशी कांदाभजी. माकडांनी बुलेट कोथरूडच्या हातातून कागदासकट भजी नेली, त्या गडबडीत काका आमच्यात नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही. ते कठड्यापाशी उभे होते, कोकणाकडे तोंड करून. भजी नको म्हणाले. चहा घेतला.

परतताना काका माझ्या बरोबर पुढे. घाट उतरलो, पाण्याच्या कडेकडेने रस्ता सुरू झाला, आणि माझी गाडी दाणकन खड्ड्यात गेली. पुढे आणखी एक. मग तिसरा, चांगला हातभर. तिन्ही खड्डे काकांनी चुकवले होते, पण पाय काढला नव्हता. गेल्या चार वर्षांत काकांनी एक खड्डा सांगायचा सोडलेला नाही. बाटलीचं बूच पडलेलं असलं तरी पाय काढतात. मी जरा जवळ घेतली. पाठ नेहमीसारखीच सरळ होती, फक्त खांदे हलत होते. रस्ता खराब होता, तेव्हा खांदे हलणारच, असं मी दोन-तीन किलोमीटर म्हणत राहिलो. मग चांगला रस्ता लागला.

भोरच्या अलीकडे एका वडाखाली त्यांनी इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली. मीही घेतली. बाकीचे वळणाआड गेले, कुणाला कळलं नाही. काकांनी गाडी स्टँडला लावली, हातमोजे काढून साडीगार्डवर ठेवले. मग हेल्मेटची काच वर केली. डोळे लाल होते.

मी म्हटलं, "किडा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हं. किडा."

मी पाण्याची बाटली दिली. ते वडामागे जाऊन डोळे धुवून आले. तोवर मी माझी चेन तपासली. चेन उत्तम होती, शुक्रवारीच ऑइल केली होती. मग आणखी थोडा वेळ तपासली. काका परत आले, बाटली दिली, म्हणाले, "चला, ते लोक थांबले असतील." हेल्मेटचा पट्टा लावला, काच खाली केली आणि निघाले.

अर्ध्या किलोमीटरवर त्यांचा डावा पाय बाहेर आला. मी खड्डा उजवीकडून काढला.

बनियन उचलला तर सगळे किडे सुटलेत, तो एक पाय सोडून. राहू दे, पाय तर पाय. ग्रुपवर पल्सरचा मेसेज आलाय की सगळ्यांनी मिळून इंटरकॉम घेतला तर सूट मिळते, कोण कोण घेणार लगेच कळवा. बुलेट दोन्ही हो म्हणाल्यात. काकांनी अंगठा टाकलाय. त्याचा अर्थ घेतो असा की वाचलं असा, काही कळायला मार्ग नाही, आणि आतून तिसऱ्यांदा हाक आलीय, आमटी गार होतेय.