कुत्र्याचे खेळणे निवडताना दवाखान्याचे अंतरही मोजावे

कुत्र्यासाठी खेळणे विकत आणले असे आमच्या गावात सांगितले, तर लोक आधी हसतात. "पोट्ट्यायले खेळणं भेटत नाही, अन् तुम्ही कुत्र्याले आणता का जी?" असे शेजारच्या काकूंनी मला तोंडावर ऐकवले आहे. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु खेळणे आणले नाही म्हणून कुत्रा खेळायचा थांबत नाही, तो आपले खेळणे स्वतःच शोधतो. शेतकऱ्याच्या घरी त्याला ते शोधायला लांब जावे लागत नाही. चप्पल, सुतळीचे भेंडोळे, ठिबकच्या नळीचा तुकडा, जुने टायर, पराटीचे म्हणजे कापसाच्या झाडाचे खुंट आणि कोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली फवारणीची रिकामी बाटली, एवढे सगळे त्याच्यासमोर मांडूनच ठेवलेले असते.

शहरातील माणूस खेळणे घेताना ते किती दिवस टिकेल आणि किती रुपयांना मिळेल हे पाहतो. खेड्यातील माणसाने त्याआधी दुसराच विचार करावा, असे माझे मत आहे: हे खेळणे फुटले आणि त्याचा तुकडा पोटात गेला, तर पुढे काय होईल? आमच्याकडच्या ढोरांच्या दवाखान्यातील डॉक्टर गाय अडली तर रात्री धावून येतात, शेळ्यांचे लसीकरण चोख करतात. पण कुत्र्याच्या आतड्यात अडकलेली वस्तू काढायची म्हणजे एक्स-रे हवा, भूल हवी, शस्त्रक्रियेची सोय हवी. त्यासाठी बहुधा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत किंवा एखाद्या मोठ्या गावातील खासगी डॉक्टरांकडे जावे लागते. गाडी मिळेपर्यंत आणि तिथे पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, तो खेळणे निवडतानाच हिशेबात धरलेला बरा.

पहिली गोष्ट कठीणपणाची. कुत्र्याचे दात मजबूत असतात, म्हणून त्याला काहीही चावायला द्यावे, असा समज सर्वत्र आहे. मोठ्या कुत्र्याला एकूण 42 दात असतात आणि त्यांपैकी वरच्या जबड्यातील दोन मोठ्या दाढा, ज्यांनी तो मांस कापतो, त्याच कठीण वस्तू चावताना सर्वाधिक तडकतात. दाढेचा बाहेरचा पापुद्रा उडाला की आतील नस उघडी पडू शकते, आणि कुत्रा दुखणे दाखवत नसल्यामुळे डोळ्याखाली सूज येईपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही. गावात जनावरांचे शिंग, खूर आणि हाडे सहज मिळतात, पण ती चावायला देऊ नयेत. शिजवलेले हाड तर मुळीच नको, कारण त्याच्या अणकुचीदार फाकी होतात. परीक्षा सोपी आहे: वस्तूवर अंगठ्याचे नख दाबून पाहावे, आणि नखाची खूण जराही उमटली नाही तर ती वस्तू कुत्र्याच्या दातांपेक्षा आपल्या शोकेसमध्ये अधिक शोभेल.

पिल्लांच्या बाबतीत जास्त नरम वस्तू लागते. त्यांचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू दिसेल ते चावते. माठातील गार पाण्यात भिजवून पिळलेले जाड कापड त्याला आपल्या समोर चघळायला द्यावे, आणि चघळून झाले की काढून घ्यावे. तान्ह्या पोळ्यानंतर मुलांचे लाकडी बैल अंगणात पडून असतात, तेवढे मात्र उचलून ठेवावेत. त्यांचा रंग, चाकांचे खिळे आणि लाकडाची कुसळे यांतले काहीही पिल्लाच्या तोंडात जाण्यासारखे नाही.

चेंडू घेताना आकार पाहावा. क्रिकेटसाठी मुले वापरतात तो टेनिसचा चेंडू साडेसहा सेंटिमीटरहून थोडा मोठा असतो. आमच्या भुऱ्यासारख्या मध्यम अंगाच्या गावठी कुत्र्याला तो चालून जातो, पण रुंद जबड्याच्या थोराड कुत्र्याने तो झेलला तर घशाच्या तोंडाशी बसून श्वास कोंडू शकतो. चेंडू सुळ्यांच्या मागे सरकणार नाही इतका मोठा असावा. शिवाय टेनिसच्या चेंडूची लव खरखरीत असते आणि तिच्यात माती बसली की ती दात झिजवते, म्हणून तो फेकायला वापरावा, तासन्तास चावायला देऊ नये. पोकळ रबरी चेंडूला एकच भोक असेल तर तोही टाळावा. आतील हवा ओढली जाऊन जीभ त्यात अडकते आणि सुजते. आरपार दोन भोके असलेला चेंडू घ्यावा.

मला सर्वांत अधिक भीती वाटते ती धाग्याची, आणि आमचा सगळा मुलूखच कापसाचा. सुतळी, खताच्या पोत्याचे प्लास्टिकचे धागे, फाटके लुगडे, बाजारात मिळणारी रंगीत दोरीची खेळणी, सगळे एकाच जातीचे धोके आहेत. गिळलेल्या दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि उरलेला दोरा आतड्यांत पुढे जात राहतो. आतडे त्याला पुढे ढकलू पाहते, तो हलत नाही, आणि नाडा ओढल्यावर पायजम्याच्या नेफ्याला चुण्या पडाव्यात तसे आतडे त्या दोऱ्यावर गोळा होते. पुढे तो ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू लागतो. तरी दोरीचे खेळणे अगदी वर्ज्य नाही, पण ते आपल्या हातात एक टोक धरून खेळावे, ओढाओढी कुत्र्याच्या मानेला झटके न देता करावी, आणि खेळ संपला की दोरी खुंटीवर उंच टांगावी. एक धागा सुटलेला दिसला तरी ती चुलीत जाऊ द्यावी. सायकलच्या टायरचा तुकडाही देऊ नये, कारण त्याच्या कडेत पोलादी तार असते.

फवारणीच्या वस्तूंबद्दल सांगायला हवे असे वाटत नाही, तरीही सांगतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. असे असूनही रिकामी बाटली धुऊन अंगणात टाकली जाते आणि पोरे ती कुत्र्यासमोर फेकतात. बाटली धुतल्याने विष पुरते जात नाही. विष किती जहाल आहे ते सांगणारा लेबलवरील त्रिकोण लाल असो वा हिरवा, बाटली, तिचे झाकण, फवारताना घातलेले हातमोजे आणि तोंडाला बांधलेले फडके यांपैकी काहीही कुत्र्याच्या तोंडाला लागता कामा नये.

आठवडी बाजारात मिळणाऱ्या लहान मुलांच्या खेळण्यांचे काय, असे अनेक जण विचारतात. भारतात 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तो नियम कुत्र्यांच्या खेळण्यांना लागू नाही, त्यामुळे त्यांच्या पाकिटावर 'सुरक्षित' असे छापलेले असले तरी त्या शब्दामागे हे चिन्ह असेलच असे नाही. मुलांचे चिन्हांकित खेळणेही कुत्र्याच्या जबड्यासाठी बनवलेले नसते. कापडी बाहुलीचे प्लास्टिकचे डोळे, पोटातील वाजणारी पिपाणी आणि भरलेला कापूस कुत्रा काही मिनिटांत बाहेर काढतो. दिवे लागणारे खेळणे तर घरात असले तरी उंचावर ठेवावे. त्यातील बटणासारखा सेल गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते.

मग उरते काय? उरते ते पुष्कळ आहे. जाड, लवचिक रबराचे, आत खाऊ भरता येईल असे एक बरे खेळणे घेतले की काम भागते. ते उन्हात ठेवू नये, रबर तडकते. त्यापलीकडे मी नाकाच्या खेळांना अधिक महत्त्व देतो. भाकरीचे बारीक तुकडे अंगणातील गवतात पसरून द्यावेत, उलट्या ठेवलेल्या टोपलीखाली लपवावेत, किंवा पिना आणि चिकटपट्टी काढलेल्या खोक्यात कागदाच्या गोळ्यांखाली ठेवावेत. रात्रभर रानडुकरांवर भुंकून दमलेला राखणीचा कुत्राही हे शोधकाम आवडीने करतो, आणि त्यात गिळण्यासारखे असते ते बहुतेक अन्नच. वैशाखात, जेव्हा चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा हेच खेळ सावलीत खेळवावेत. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि तोंडात चेंडू धरून पळणाऱ्या कुत्र्याला नीट धापाही टाकता येत नाहीत. चेंडूचा खेळ उन्हाळ्यात तांबडे फुटायच्या सुमारासच असावा.

खाण्याच्या ज्या वस्तू खेळणे होऊन बसतात, त्यांत मक्याचे बुरकूंड, म्हणजे कणसाचा आतला दांडा, आणि आंब्याची कोय या दोन फसव्या आहेत. दोन्ही आतड्यात बूच मारल्यासारख्या अडकतात. मक्याचे दाणे काढून द्यावेत आणि बुरकूंड गोठ्याकडे न्यावे.

एवढे करूनही काही गिळले गेलेच, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याचा गावठी उपाय करू नये. त्या मिठाचीच बाधा होते, आणि अणकुचीदार वस्तू वर येताना दुसऱ्यांदा इजा करते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये आणि आतले टोक मोकळे सोडू नये म्हणून कापूही नये. वारंवार ओकारी, अन्नावरून वासना उडणे, शौचास न होणे, पोट आवळून पुढचे पाय पसरणे आणि मागचा भाग उंच ठेवणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा, आणि निघताना त्या खेळण्याचा उरलेला तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा, कारण रबर किंवा कापड एक्स-रेमध्ये नेहमी दिसतेच असे नाही.