बारीक तार

"अण्णांनी पुन्हा बारीक तार घातली वाटतं," असं आई अंधारात म्हणायची आणि त्यावरून आम्हाला कळायचं की लाईट सगळ्या पेठेचे गेले नाहीयेत, फक्त आपले गेलेत. नारायण पेठेतला वाडा, आठ बिऱ्हाडं, मीटर एकच आणि तो मालकांच्या म्हणजे अण्णांच्या नावावर. भाड्यातच दिव्यांचे पैसे धरलेले, दर दिव्याला न् पंख्याला ठरलेली रक्कम, त्यामुळे त्यापलीकडे कोणी काही लावलं की ते अण्णांच्या खिशातून जाणार. काही म्हणजे शेगडी. मातीच्या चकतीत नागमोडी कॉइल बसवलेली ती इलेक्ट्रिक शेगडी जवळपास प्रत्येक बिऱ्हाडात कॉटखाली होती आणि एकाही बिऱ्हाडात नव्हती, म्हणजे विचारलं तर नव्हती.

अण्णा भांडायचे नाहीत. पुण्यातला घरमालक आणि भांडत नाही म्हटल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्यांना भांडायची गरजच पडायची नाही, त्यांच्याकडे फ्यूज होता.

जिन्याखाली लाकडी बोर्डावर चिनी मातीच्या आठ पांढऱ्या ग्रिपा एका रांगेत बसवलेल्या, प्रत्येकीवर लाल ऑइलपेंटनं नंबर. एक नंबर त्यांचा स्वतःचा, पाच आमचा. ज्यांनी ही वस्तू पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो, खाली एक बेस असतो तो बोर्डाला पक्का, त्यात एका टोकाला मीटरकडून येणारी फेज, दुसऱ्या टोकाला घरात जाणारी, आणि मध्ये चक्क काहीच नाही. वरची ग्रिप म्हणजे हाताने ओढून काढायचा भाग, तिला दोन्हीकडे पितळी पात्या, त्यावर एकेक स्क्रू, आणि त्या दोन स्क्रूंच्या मध्ये आपण घालू ती तार. 'आपण घालू ती' हे जरा नीट वाचा, कारण सगळी गंमत आणि सगळा घोटाळा त्या तीन शब्दांत आहे. दुकानात हिला किटकॅट म्हणतात. मी तपकीर गल्लीत "किटकॅट आहे का?" विचारलं तेव्हा बरोबर असलेली माझी मुलगी इतकी हसली की दुकानदारही हसायला लागला.

तर युद्ध असं चालायचं. अण्णा आमच्या ग्रिपेत पाच अँपिअरची तार घालणार. ही साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची असते, केसापेक्षा जरा बरी. दिवे, पंखा, रेडिओ, इस्त्रीसुद्धा, सगळं तिच्यावर आरामात चालतं. पण दोन हजार वॉटची शेगडी लावली की २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढते, आणि ही तार सातच्या आसपास वितळते. म्हणजे लगेच नाही हं. थोडा वेळ ती बिचारी तापत राहते, लाल होते, तोवर पातेल्यातलं पाणी कोमट झालेलं असतं आणि आईला वाटायला लागतं की आज जमलं. मग टप्प. मग ते अंधारातलं वाक्य.

मग बाबा टॉर्च घेऊन खाली जाणार, ग्रिप काढणार, दोन पदर पिळून तार घालणार आणि वर येऊन काहीच न झाल्यासारखा पेपर उघडणार. रविवारी सकाळी अण्णा फडकं घेऊन 'ग्रिपा पुसायला' जिन्याखाली बसणार. सोमवारी पुन्हा एक पदर. अकरा वर्षं हे चाललं आणि या विषयावर दोघांमध्ये एक शब्दही झाला नाही, उलट संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून राजकारणावर तावातावाने बोलायचे. कोण किती पदरांवर आहे हे दोघांनाही पक्कं माहीत असायचं.

बाबा तार कुठून आणायचे तर जुन्या टेबलफॅनच्या वायरीतून. तेव्हा फ्लेक्झिबल वायर मागताना 'तेवीस-छत्तीस' म्हणायचे, म्हणजे छत्तीस गेजच्या तेवीस बारीक तारा एकत्र. त्यातली एक ओढून काढायची की झाला फ्यूज. मला कित्येक वर्षं हा अगदी अडाणी जुगाड वाटत होता, कॉलेजात गेल्यावर तक्ता बघितला तर छत्तीस गेज म्हणजे ०.१९३ मिलिमीटर, आणि पाच अँपिअरच्या फ्यूजला तार पाहिजे ०.२ ची. म्हणजे भारतभर लोक वायरीतली एक तार उपटून जे करत होते ते बऱ्यापैकी बरोबरच होतं! चूक व्हायची ती दुसरी तार घालताना. आणि तिसरी.

एक फरक मात्र होता. विकतची फ्यूज वायर पांढरट दिसते कारण तांब्यावर कथिलाचा थर असतो, आपल्या भाषेत कल्हई. आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा, चौकात खड्डा करून भाता लावायचा, नवसागराचा तो पांढरा धूर नाकात जायचा, पातेली आतून चंद्रासारखी व्हायची. पातेल्याला कल्हई अन्न कळकू नये म्हणून, तारेला कल्हई तार काळी पडू नये म्हणून. उघडं तांबं तापलं की वरचा थर जळून काळा होतो, तो झडतो, आतली तार आणखी बारीक होते, आणि मग एखाद्या दिवशी दोन दिवे चालू असताना उगाचच फ्यूज जातो आणि आपण त्या दिवशी पाहुणे आलेत म्हणून पाहुण्यांना दोष देतो.

किती जाडीची तार किती अँपिअरला वितळते हे पहिल्यांदा नीट मांडलं विल्यम प्रीस नावाच्या वेल्श इंजिनिअरने, ब्रिटिश पोस्टाच्या तार खात्यात होता तो, साल १८८४. त्याचा नियम सोपा आहे पण मनाला लवकर पटत नाही. तारेची जाडी दुप्पट केली तर वितळायचा करंट दुप्पट होत नाही, चौपटही नाही, होतो २.८ पट. कारण उष्णता तयार होते तारेच्या पोटात आणि बाहेर पडते तिच्या कातडीवरून, आणि पोट न् कातडी एका हिशोबाने वाढत नाहीत (हे कुठल्याही चाळिशीतल्या माणसाला सांगायची गरज नाही). पदर पिळून घातले तरी तसंच, दोन पदर एकमेकांना चिकटले की त्यांची उघडी कातडी कमी होते, म्हणून दोन पदरांचा फ्यूज एका पदराच्या दुपटीला जरा कमीच पडतो. बाबांना हे प्रीस वगैरे काही माहीत नव्हतं, ते म्हणायचे, "दोन पदर म्हणजे पावणेदोन धरायचे." बँकेत होते ते.

तार घालण्याचंही एक शास्त्र होतं आणि ते मला दहाव्या वर्षी मिळालं, आधी मेन स्विच बंद, मग टेस्टर लावून खात्री, मगच ग्रिपेला हात. तार स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने फिरवायची, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते, उलटी फिरवली तर बाहेर निसटते. स्क्रू फार आवळायचा नाही, तार चेपून तिथेच बारीक होते. ओढून ताणून तर अजिबात बसवायची नाही, थोडी ढिली ठेवायची, कारण ताणलेली तार मध्येच पातळ होते आणि पाचाचा फ्यूज चाराचा होऊन बसतो. "साडी वाळत घालतो तशी, धनुष्याची दोरी नव्हे," बाबा म्हणायचे. जुन्या ग्रिपांमध्ये तार जायच्या जागी ॲस्बेस्टॉसचं अस्तर असायचं, वितळलेलं तांबं चिनी मातीवर थेट उडू नये म्हणून, आणि ते आम्ही नखाने खरवडायचो. ते फुप्फुसांना घातक असतं हे तेव्हा कोणाला माहीत.

मला सगळ्यात आवडायचं ते उडालेली ग्रिप वाचणं. हो, वाचणं. तार मध्येच तुटलेली, दोन्ही टोकांना बारीक गोल थेंब आणि चिनी माती पांढरीशुभ्र असेल तर समजायचं की लोड जास्त झाला, कोणाची तरी शेगडी, शांतपणे गेलाय. पण तार जागेवर नाहीच, माती काळी पडलीये, तांब्याचा मुलामा दिल्यासारखा फवारा उडालाय, म्हणजे शॉर्टसर्किट, आता नवीन तार घालायची नाही, आधी घरात जाऊन वायर कुठे सोललीये ते शोधायचं. आणि तार स्क्रूपाशी तुटली असेल तर वरच्यांपैकी काहीच नाही, तुम्ही स्क्रू ढिला ठेवला होता. तीन दुखणी आणि तिन्हींची लक्षणं वेगळी. आता फ्यूजच्या जागी आलेला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पडतो तेव्हा या तिन्ही वेळी दांडी खालीच असते आणि इलेक्ट्रिशियन पोरगा फोनवर एकच सांगतो, "काका, वर करून बघा."

एमसीबी चांगलाच आहे, त्यात वाद नाही. आत एक द्विधातूची पट्टी, ती हळूहळू वाढणाऱ्या लोडला वाकते, आणि एक कॉइल, ती शॉर्टसर्किटला झटक्यात ओढून दांडी पाडते. १९२४ मध्ये जर्मनीत मानहाइमच्या ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीने याचं पेटंट घेतलं, म्हणजे आमच्या वाड्यात ग्रिपांची मारामारी चालू होती तेव्हा त्याला साठ वर्षं होऊन गेली होती. चिनी मातीच्या ग्रिपेत दोष भरपूर. पंधरा अँपिअर लिहिलेल्या फ्यूजला अर्ध्या मिलिमीटरची तार, ती प्रीसच्या हिशोबाने अठ्ठावीसला वितळणार, म्हणजे मधल्या मधे वीस-बावीस अँपिअर तासन्‌तास वाहू शकतात आणि फ्यूज ढिम्म. ते सगळं सोसायचं कोणी तर पुढच्या वायरने. आमच्या वाड्यातली वायर लाकडी पट्टीतून गेलेली, वर सुती विणीचं वेष्टण, आत कडक होऊन तडकलेलं रबर. आज विचार केला की घाम फुटतो. फ्यूजची तार जाड केली म्हणून कुठलीच तार जळायची थांबत नाही, फक्त कुठली जळणार ते बदलतं.

आणि दुसरं म्हणजे तार वितळली तरी करंट लगेच थांबतोच असं नाही, तो त्या मोकळ्या जागेतून ठिणगीच्या पुलावरून धावत राहतो. ग्रिपेत त्याला अडवायला फक्त हवा. म्हणून या फ्यूजची झेप दोन-चार हजार अँपिअरपर्यंतच. मोठ्या बिल्डिंगच्या खाली ट्रान्सफॉर्मर बसलेला असला तर शॉर्टसर्किटला त्याहून जास्त येऊ शकतात. तिथे एचआरसी फ्यूज लागतो, बंद नळीत क्वार्ट्‌झची वाळू गच्च भरलेली. ठिणगी पेटली की वाळूच वितळून काचेसारखी होते आणि ठिणगीचा गळा आवळते, ऐंशी हजार अँपिअरसुद्धा तोडते. पण तो एकदा गेला की गेला, टाकून द्यायचा. पुन्हा भरता येत नाही, आणि म्हणून त्यात कोणाला बोटही घालता येत नाही.

अमेरिकेतही पुन्हा भरायचे फ्यूज होते, त्यांचे जरा साहेबी. फायबरची नळी, टोकाच्या टोप्या आट्यांवर फिरवून काढायच्या, आत जस्ताची कापलेली पट्टी, ती जळाली की नवी टाकायची. पट्टीच्या मधला भाग मुद्दाम अरुंद, कुठे जळायचं ते तिला आधीच सांगून ठेवलेलं. वाचून मला वाटलं, व्वा, इथे काही आपल्यासारखं होणार नाही. झालंच! लोक एका नळीत दोन पट्ट्या टाकायला लागले. आता तिथल्या नियमात असे फ्यूज फक्त जुन्या जागी जुन्याच्या बदली चालतात, तेही आधी कोणी जास्तीचं काही घातल्याची खूण नसेल तरच. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नुसत्या पुण्याच्या भाडेकरूंची बदनामी नको.

वाडा पाडायला काढला त्या दिवशी बाबा आणि मी बघायला गेलो होतो. आम्ही तोवर वारज्याला राहायला गेलो होतो, अण्णा कोथरूडला मुलाकडे, पण तेही आले होते, काठी घेऊन, मफलर गुंडाळून. दारं, खांब, फरशा सगळ्यांचे भाव आधीच ठरलेले. जिन्याखालचा बोर्ड काढायला एक वायरमन आला होता, त्याने लाईन बंद करून घेतल्यावर एकेक ग्रिप ओढून गोणीत टाकायला सुरुवात केली. एक नंबरची ग्रिप लवकर निघेना. मला तेव्हा आठवलं की अकरा वर्षांत अण्णांचा फ्यूज उडाल्याचं मी कधी पाहिलंच नव्हतं, अगदी त्यांच्याकडे गीझर बसवला तेव्हासुद्धा नाही.

ग्रिप निघाली तेव्हा वायरमनने ती सवयीने उलटी करून बघितली आणि काही न बोलता बाबांच्या हातात दिली, त्याला वाटलं हेच मालक असावेत. आत काळी पडलेली, सुतळीएवढी जाड पिळलेली तार होती. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला, नखाने पीळ सोडवला आणि एकेक पदर बाजूला करून मोजले, बँकेत नोटा मोजायचे तसे, ओठ हलवत.

"सात," बाबा म्हणाले.

अण्णा चौकाकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पावसाळ्यात सारखा उडायचा हो."