खडकवासला साखळीचा पाणीसाठा शीटमध्ये आणताना: जून ते ऑगस्टच्या नोंदी

पुण्याजवळच्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतील रोजचा उपयुक्त साठा आमच्या घरी वहीत उतरवला जातो. ही वही बाबांनी सुरू केली आणि गेली काही वर्षे ती मी चालवते. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर ही नोंद गूगल शीट्समध्ये आपोआप यावी असे ठरवले. त्या कामात जे अडले, जे सुटले आणि जे अजून सुटायचे आहे, ते पाऊस आणि धरणांच्या नोंदी ठेवणाऱ्या मंडळींसाठी येथे लिहीत आहे.

जूनचा पहिला आठवडा

पहिल्या प्रयत्नात वेब पानावरील तक्ता शीटमध्ये आणणाऱ्या इम्पोर्टएचटीएमएल या सूत्राला धरणसाठ्याच्या पानाचा पत्ता, ‘टेबल’ हा शब्द आणि तक्त्याचा क्रमांक दिला, तर उत्तर आले की आयात केलेला मजकूर रिकामा आहे. तेच पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर तक्ता मात्र व्यवस्थित दिसत होता. दोन संध्याकाळी मी पत्ता आणि क्रमांक बदलून पाहण्यात घालवल्या, पण दोष त्या दोहोंतही नव्हता. हे सूत्र आपल्या ब्राउझरमधून पान वाचत नाही. गूगलच्या सर्व्हरवरून पानाचा मूळ एचटीएमएल मजकूर मागवला जातो आणि त्यातील जावास्क्रिप्ट चालवली जात नाही. ज्या पानावर आधी रिकामी चौकट येते आणि आकडे स्क्रिप्ट नंतर भरते, त्या पानावर सूत्राला तक्ता दिसणारच नाही.

याची खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे कंट्रोल आणि यू ही कळ दाबून पानाचा मूळ स्रोत उघडावा आणि त्यात ‘पानशेत’ हा शब्द शोधावा. शब्द सापडला नाही, तर सूत्र कितीही बदलले तरी उपयोग नाही. येथे ‘इन्स्पेक्ट’ वापरू नये, कारण त्यात स्क्रिप्टने भरून झालेले पान दिसते आणि आपण पुन्हा चकतो. अशा पानासाठी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील ‘नेटवर्क’ हा भाग उघडून पान ताजे करावे. आकडे ज्या पत्त्यावरून येतात तो पत्ता बहुधा तेथे सापडतो, आणि तो सर्वांसाठी खुला असेल तर ॲप्स स्क्रिप्टमधून, म्हणजे शीटसाठी छोटे प्रोग्रॅम लिहिण्याच्या गूगलच्या सोयीतून, थेट वाचता येतो. मला सुदैवाने साध्या एचटीएमएलमध्ये तक्ता देणारे दुसरे पान मिळाले, त्यामुळे त्या वाटेने जावे लागले नाही.

जूनचा शेवट

नव्या पानावर तिसरा तक्ता माझा होता. तीन आठवडे सर्व सुरळीत चालले आणि एके दिवशी पानावर वरच्या बाजूला विसर्गाच्या सूचनेचा एक छोटा तक्ता आला. त्याबरोबर माझा तिसरा तक्ता चौथा झाला. सूत्राने कोणतीही तक्रार न करता आता तिसऱ्या जागी आलेला दुसराच तक्ता आणून ठेवला, आणि तोही धरणांचाच होता, फक्त दुसऱ्या खोऱ्यातील. त्रुटीचा संदेश आला असता तर मी त्याच क्षणी पाहिले असते. हा बदल लक्षात यायला दोन दिवस लागले.

आता मी इम्पोर्टएक्सएमएल हे सूत्र वापरते आणि एक्सपाथमध्ये, म्हणजे पानातील हवा तो भाग नेमका सांगण्याच्या भाषेत, क्रमांकाऐवजी ओळख सांगते: ज्या तक्त्यात ‘पानशेत’ हा शब्द आहे आणि ज्याच्या पोटात आणखी तक्ता नाही, त्याच्या सर्व ओळी आण. दुसरी अट आवश्यक आहे. जुन्या धाटणीच्या पानांत संपूर्ण पानाची मांडणीच तक्त्यांमध्ये केलेली असते, त्यामुळे बाहेरचा मोठा तक्ताही ‘पानशेत’च्या अटीत बसतो. ओळखीचा शब्द निवडतानाही काळजी घ्यावी. ‘वरसगाव’ काही ठिकाणी ‘वरसगांव’ असे अनुस्वार देऊन लिहितात, आणि सूत्राच्या दृष्टीने हे दोन निराळे शब्द आहेत. ‘पानशेत’ सर्वत्र एकाच रीतीने लिहिलेले आढळले, म्हणून तो शब्द घेतला.

जुलैचा मध्य

या काळात मी सर्वांत अधिक शिकले. बाबा सकाळी वर्तमानपत्रातील आकडे मोठ्याने वाचतात आणि मी ते शीटशी ताडून पाहते. एका सकाळी ते म्हणाले, ‘‘अगं, चारही धरणांचे आकडे बरोबर आहेत, मग तुझी बेरीज इतकी कमी कशी?’’ चारही आकडे डोळ्यांना अचूक दिसत होते, पण वरसगावचा आकडा रकान्यात डावीकडे सरकलेला होता आणि बाकीचे तीन उजवीकडे होते. शीटमध्ये संख्या आपोआप उजवीकडे बसते आणि मजकूर डावीकडे. वरसगावचा आकडा संख्या नसून मजकूर होता, आणि ‘सम’ हे सूत्र मजकूर मुकाट्याने वगळते.

याचा परिणाम किती मोठा असू शकतो हे क्षमतांवरून समजते. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७ अशी साखळीची उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातून वरसगाव गळले तर चारही धरणे काठोकाठ भरलेली असतानाही बेरीज १६.३३ येईल, म्हणजे साखळी ५६ टक्केच भरली आहे असे शीट सांगेल.

आकड्यामागे एक न तुटणारी मोकळी जागा चिकटलेली होती. एचटीएमएलमध्ये ती नेहमी वापरली जाते, तिचा संकेतांक १६० आहे आणि ‘ट्रिम’ हे सूत्र तिला हात लावत नाही. ‘सबस्टिट्यूट’ने संकेतांक १६० चे अक्षर काढून टाकून मग ‘व्हॅल्यू’ लावले की संख्या मिळते. दुसरी अडचण देवनागरी अंकांची होती. पानावरील काही रकाने ‘१२.८२’ अशा अंकांत होते आणि माझ्या शीटने ते मजकूर म्हणूनच घेतले. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा संकेतांक २४०६ आहे आणि नऊपर्यंतचे अंक त्यापुढे ओळीने येतात, त्यामुळे दहा वेळा ‘सबस्टिट्यूट’ एकात एक गुंफून किंवा ‘रिड्यूस’ आणि ‘लॅम्डा’ यांनी एकाच सूत्रात सर्व अंक बदलता येतात.

शंका असेल तेव्हा ‘सम’ऐवजी चार रकाने अधिक चिन्हाने जोडून पाहावेत. संख्येत बदलता न येणारा असा मजकूर असेल तर तेथे त्रुटी दिसते, आणि अशी दिसणारी त्रुटी मला गप्प राहणाऱ्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक विश्वासाची वाटते.

जुलैचा शेवट

महिन्याचा आलेख काढला, तर जुलैच्या पहिल्या बारा दिवसांपैकी एकच बिंदू जागेवर होता. बाकीचे जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेला जाऊन बसले होते. फाइलच्या सेटिंग्जमधील ‘लोकेल’, म्हणजे कोणत्या देशाची पद्धत वापरायची ती निवड, अमेरिकेचे होते, त्यामुळे ०१/०७ ही तारीख ७ जानेवारी अशी वाचली गेली. तेराव्या दिवसापासून तेरावा महिना नसल्यामुळे तारखा मजकूर म्हणून राहिल्या. लोकेल भारताचे केले, पण साठवलेल्या जुन्या तारखा त्याने सुधारल्या नाहीत, कारण तारीख एकदा क्रमांकात बदलली की लोकेल फक्त तिचे दिसणे बदलते. त्या ओळी वहीवरून हाताने दुरुस्त केल्या.

एक्सेल वापरणाऱ्यांना हाच अनुभव पॉवर क्वेरी या आयातीच्या साधनात येऊ शकतो. तेथे रकान्यांचे प्रकार ठरवणारी ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी आपोआप जोडली जाते. ती काढून टाकावी आणि तारखेचा प्रकार ‘यूझिंग लोकेल’ या पर्यायाने स्वतः द्यावा.

ऑगस्ट

आयातीचे सूत्र पानावर आत्ता जे आहे तेवढेच दाखवते. नवा आकडा आला की कालचा गेला, आणि वहीचा हेतू तर कालचा आकडा जपण्याचाच आहे. त्यासाठी ॲप्स स्क्रिप्टमध्ये रोज सकाळी चालणारा ट्रिगर लावला, जो त्या दिवसाची ओळ दुसऱ्या शीटमध्ये केवळ मूल्ये म्हणून लिहितो. येथेही तीन गोष्टी सुधाराव्या लागल्या. स्क्रिप्टला स्वतःचा कालविभाग असतो आणि माझ्या स्क्रिप्टचा अमेरिकेतील होता, म्हणून ओळींवर आदल्या दिवसाची तारीख पडत होती. काही वेळा ट्रिगर चालला तेव्हा आयात पूर्ण झालेली नव्हती आणि आकड्याच्या जागी ‘लोडिंग’ हा शब्द साठवला गेला. कधी पानावरच कालचे आकडे होते. आता स्क्रिप्ट पानावर छापलेली तारीख घेते, ती तारीख आधीच नोंदलेली असेल तर ओळ लिहीत नाही, आणि चारपैकी एखादे मूल्य संख्या नसेल तर मला मेल पाठवते.

त्याशिवाय एक पडताळणी जोडली आहे. साठा भागिले क्षमता याची टक्केवारी पानावर छापलेल्या टक्केवारीशी जुळली पाहिजे; खडकवासल्यात १.२० टीएमसी असेल तर ६०.९ टक्के यायला हवेत. एकदा ही टक्केवारी अठ्ठावीस पटींनी चुकली आणि पाहिले तर त्या रकान्यात दशलक्ष घनमीटर होते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी, त्यामुळे कारण लगेच उमगले.

विसर्गाचा रकाना मात्र अजून हाताने भरते. त्यात ‘सकाळी ६ वाजता वाढवून’ अशा मजकुरातच क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) आकडा दडलेला असतो, आणि एकाच चौकटीत कधी दोन निरनिराळ्या वेळा तर कधी दोन विसर्ग येतात. साखळीत सर्वांत खाली आणि सर्वांत लहान असलेले खडकवासला भरले की मुठेत किती पाणी सोडले जाते, याकडे नदीकाठच्या आमच्या घराचे लक्ष सर्वांत आधी जाते, आणि पानशेत फुटले तो १२ जुलै १९६१ चा दिवस बाबांना लख्ख आठवतो. म्हणून हा आकडा अंदाजाने घेणे मला मान्य नाही. ‘क्युसेक’ या शब्दाच्या लगेच आधीची संख्या उचलणारे रेगेक्सएक्स्ट्रॅक्टचे सूत्र सध्या वहीतील जुलैच्या ओळींवर तपासत आहे, आणि दोन विसर्गांच्या ओळींवर ते अजून पहिलाच आकडा देते.